होय, ही कारकुनीच आहे!

"काका, ही कारकुनी झाली! ट्यूनिंग म्हणजे कला आहे, कला!"

हे वाक्य मला एका तिशीतल्या इसमानं ऐकवलं. पिंपरीकडच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये, माझ्या सख्ख्या भाच्याच्या गाडीसमोर उभं राहून, आणि मी मागवलेला चहा पीत. वास्तविक बावीस वर्षं बँकेत कारकुनी केलेल्या माणसाला 'कारकुनी' हा शब्द शिवीसारखा ऐकायची सवय असते. साहित्यिक मंडळी 'कारकुनी वृत्ती' म्हणून नाक मुरडतात. आमचे सासरे अजूनही पाहुण्यांना माझी ओळख करून देताना 'बँकेत असतात' एवढंच सांगतात आणि घाईघाईनं विषय पावसाकडे वळवतात. हे सगळं मी गिळलेलं आहे. पण एखाद्या गृहस्थानं इंजिनाच्या चार सिलिंडरांपैकी एक भाजून काढत आणावा, ते दुसऱ्या कुणी आकड्यांनी दाखवून द्यावं, आणि वर त्यानं स्वतःच्या कामाला कला आणि दुसऱ्याच्या कामाला कारकुनी म्हणावं, हे मात्र मला गिळता आलं नाही. तेव्हा मी काही बोललो नाही. काउंटरच्या अलीकडे बसणाऱ्यानं उलट बोलू नये, अशी आमच्या धंद्याची शिकवण आहे. म्हणून लिहितो आहे.

माझं म्हणणं एवढंच आहे की टर्बोवाल्या इंजिनाचं ट्यूनिंग ही कला नव्हे. ती शंभर टक्के कारकुनी आहे. आणि जे लोक तिला कला म्हणतात, त्यांच्या हातात पैसे, गाडी आणि भाचा यांपैकी काहीही देऊ नये.

आता तुम्ही विचाराल, बी. कॉम. झालेल्या माणसाला इंजिनातलं काय कळतं? प्रश्न रास्त आहे. माझं या विषयातलं सगळं शिक्षण वडिलांच्या बजाज चेतकवर झालं. ज्यांच्या घरी ती होती त्यांना सांगायला नको, की ती स्कूटर चालू करायच्या आधी स्वतःकडे कलती करावी लागे. आणि कलती करूनही चालली नाही की वडील डिकीतून पाना, पॉलिश पेपरचा तुकडा आणि एक जुनं फडकं काढत. रस्त्याच्या कडेला, ऑफिसच्या इस्त्रीच्या कपड्यांत, ते प्लग काढून उन्हात धरत आणि मला शेजारी बसवून वाचून दाखवत. "काळा आणि ओला आहे ना? म्हणजे ऑइल जास्त पडलंय. पांढराफटक असता तर इंजिन तापतंय. बिस्किटासारखा दिसला की समजावं, सगळं ठीक." ज्योतिषी कुंडली वाचतात तसं ते प्लग वाचत, फरक एवढाच, की वडिलांचं खरं निघत असे. प्लगला मी पुढे बँकेत लागल्यावर नाव दिलं: व्हाउचर. खात्यात काय लिहिलंय ते नंतर बघू, आधी व्हाउचर दाखवा.

तर आमचे भाचेराव. इंजिनिअर आहे, पगार चांगला आहे, आणि त्याला वेगाची आवड आहे. यातल्या पहिल्या दोन गोष्टी माझ्या बहिणीनं घडवल्या, तिसरी कुठून आली ते माहीत नाही. त्यानं कुठून तरी जुनी ऑक्टेव्हिया आर.एस. शोधून काढली. २००४ साली ही गाडी भारतात आली तेव्हा टर्बो लावलेली पेट्रोल गाडी म्हणजे आपल्याकडे अपूर्वाईची वस्तू होती. १.८ लिटरचं इंजिन, दीडशे घोडे. आज तिचं वय विसाच्या पुढे. पंधरा वर्षांनंतर पुन्हा पासिंग करून घेतलेली. एवढ्या वयाच्या गाडीला कुठलीही बँक कर्ज देत नाही, आमची तर नाहीच, हे मीच त्याला छातीठोकपणे सांगितलं. तो म्हणाला, "म्हणूनच पतसंस्थेतून काढतोय मामा. तू फक्त जामीन राहा."

'मामा बनवणे' हा वाक्प्रचार मराठीत उगाच आलेला नाही. मी सही केली.

पुढच्याच महिन्यात त्यानं ती गाडी वर उल्लेखिलेल्या कलावंताकडे नेली. कलावंतानं स्टिअरिंगखालच्या सॉकेटात केबल खोचली, लॅपटॉप उघडला, अर्धा तास एक निळी पट्टी डावीकडून उजवीकडे सरकली, आणि दीडशे घोड्यांचे म्हणे एकशेनव्वद झाले. याला 'स्टेज वन' म्हणतात. नाटक मंडळींचा काही संबंध नाही. मी विचारलं, "आधीचे आणि नंतरचे आकडे कुठं आहेत?" तर उत्तर मिळालं, "काका, बसून बघा ना! कशी उचलते!"

इथं माझा पहिला आक्षेप. गाडी 'उचलते' हे पाठीला कळतं. पाठीला मान आहे, माझी स्वतःची पाठ बावीस वर्षं खुर्चीची नोंद ठेवून आहे. पण पाठ हे मोजमापाचं साधन नव्हे. शिवाय टर्बोच्या बाबतीत पाठ हमखास फसते, आणि का फसते ते समजून घ्यायचं तर टर्बो म्हणजे काय हे बघावं लागेल.

टर्बो म्हणजे बोहारीण. घरातले जुने कपडे कुणाला नको असतात. ती ते घेऊन जाते आणि बदल्यात एक पातेलं देते. इंजिनाच्या नळीतून जो जळका, तापलेला वायू फुकट बाहेर जातो, त्याच्या वाटेत एक भिंगरी ठेवायची. ती मिनिटाला लाखावर फेरे घेते. तिच्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाला दुसरी भिंगरी. ती बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबते. हवा जास्त म्हणून पेट्रोल जास्त, पेट्रोल जास्त म्हणून जोर जास्त. वाया जाणाऱ्या वस्तूवर संसार चालवायची ही युक्ती आल्फ्रेड ब्यूखी नावाच्या स्विस इंजिनिअरला सुचली आणि १९०५ साली त्यानं तिचं पेटंट घेतलं. माझी खात्री आहे, त्याच्या घरीही बोहारीण येत असणार.

पण कोंबलेली हवा म्हणजे ओव्हरड्राफ्ट. मर्यादेत उचला, काही होत नाही. मर्यादा ठरते ती पिस्टनच्या ताकदीवर, हवा किती तापली आहे त्यावर, आणि पेट्रोल कुठलं आहे यावर. मर्यादा ओलांडली की नॉकिंग सुरू होतं. ठिणगीनं पेटवलेली ज्योत सिलिंडरात शिस्तीत पुढे सरकत असते. पण तिकडच्या कोपऱ्यातलं उरलेलं मिश्रण दाबानं आणि उष्णतेनं इतकं कावलेलं असतं, की ज्योत पोचायच्या आत ते आपलं आपणच भडकतं. पान मांडून व्हायच्या आत पंगतीवर तुटून पडणारे पाहुणे तुम्ही पाहिले असतील. त्यांच्यामुळे वाढप्याचं काय होतं, ते इथं पिस्टनचं होतं.

अमेरिकेत १९६२ साली ओल्ड्समोबील जेटफायर नावाची टर्बो गाडी निघाली. नॉकिंग होऊ नये म्हणून तिच्यात डिस्टिल्ड वॉटर आणि मिथेनॉल यांच्या मिश्रणाची टाकी दिली होती. ते मिश्रण थोडं थोडं आत शिंपडलं जाई. अडचण एकच झाली, मालक टाकी भरायला विसरत. १९६३ नंतर ती गाडी बंदच पडली. पुढे मोटारवाल्यांनी माणसाच्या स्मरणशक्तीवर विसंबणं सोडलं आणि पहारेकरी नेमला. साब कंपनीनं १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला इंजिनाला एक कान बसवला. नॉकिंगची थरथर ऐकू आली की तो हवेचा दाब आपोआप कमी करी. आज असा कान जवळजवळ प्रत्येक टर्बो पेट्रोल गाडीत असतो. नॉकिंग ऐकू आलं की संगणक ठिणगीची वेळ अंशाअंशानं मागे घेतो, धोका टाळतो, आणि गप्प बसतो.

गप्प बसतो, हेच महत्त्वाचं! घरात चोर शिरू बघतोय हे पहारेकऱ्याला दिसलं. त्यानं आरडाओरडा न करता मुकाट्यानं दार लावून घेतलं आणि वहीत नोंद केली. मालक सकाळी उठून म्हणतो, "छान झोप लागली." म्हणजे पाठीला जे 'उचलतंय' असं वाटतं, ते पहारेकरी रात्रभर दाराला पाठ लावून उभा असतानाही वाटू शकतं. वही उघडून बघितल्याशिवाय कळत नाही. ती वही म्हणजे डेटा लॉग. आणि आमच्या कलावंतानं अर्धा तास लॅपटॉप उघडून ती वही एकदाही उघडली नव्हती.

त्यानं भरलेली फाइल तयार माल होता. मी खोदून विचारलं तेव्हा कळलं, की ती युरोपातल्या ९८ ऑक्टेनच्या पेट्रोलसाठी बांधलेली आहे. आपल्याकडच्या साध्या पेट्रोलचा ऑक्टेन बरीच वर्षं ९१ होता, आणि आता पंपावर मिळतं त्यात वीस टक्के इथेनॉल असतं. इथेनॉल नॉकिंगला आवरतं हे खरं, पण त्याला जळायला हवा कमी लागते, म्हणजे तेवढ्याच हवेला इंधन जास्त ओतावं लागतं. ज्यानं ती फाइल जर्मनीत की कुठं बसून लिहिली, त्याला कोथरूडच्या पंपावर काय मिळतं हे कसं ठाऊक असणार? ही म्हणजे दुसऱ्याच्या डोळ्यांना करून घेतलेला चष्मा घालून "काय स्वच्छ दिसतंय!" म्हणण्यातली गत.

आठ दिवसांतच गाडीला उचकी लागली. जोरात दाबली की मध्येच एक ठसका. कलावंत म्हणाले, कॉइल गेल्या. चार नव्या कॉइल आल्या. उचकी तशीच. मग मी, म्हणजे जामीनदारानं, चेतकच्या अनुभवावर विचारलं, "प्लग कुठले घातलेत?"

इथं एक अशी गोष्ट उघडकीला आली की एखाद्या ऑडिटरनं नोकरी सोडावी. प्लगला एक आकडा असतो. प्लग किती लवकर थंड होतो ते तो सांगतो. दाब वाढवला की प्लग एक पायरी थंड घ्यावा लागतो, नाहीतर त्याचं टोक लालबुंद होऊन ठिणगीच्या आधीच मिश्रण पेटवतं. आता एनजीकेच्या प्लगवर आकडा जितका मोठा, तितका प्लग थंड. आणि बॉशच्या प्लगवर? आकडा जितका मोठा, तितका प्लग गरम! भाचेरावांच्या गाडीत एनजीकेचे सहा आकडी होते. 'एक पायरी थंड म्हणजे सात' हे त्यांनी कुठून तरी ऐकलं आणि दुकानात जाऊन सातचे आणले, फक्त बॉशचे. बॉशचा सात म्हणजे साधारण एनजीकेचा सहाच. म्हणजे नवे पैसे मोजून गृहस्थ होते तिथंच राहिले. इंजिनिअर आहे हो! आमच्याकडे एखाद्या शाखेत जमा उजवीकडे आणि दुसऱ्या शाखेत जमा डावीकडे लिहीत असते, तर आम्ही निदान दारावर पाटी लावली असती.

आणि उचकीचं कारण? प्लग डबीतून काढले तसेच बसवले होते. दोन टोकांतलं अंतर मोजलं तर जवळजवळ एक मिलिमीटर. साध्या गाडीला ते चालेल. पण दाबून भरलेल्या दाट हवेतून ठिणगीला उडी मारणं अवघड जातं. लोकलमध्ये गर्दी नसताना या दारातून त्या दारात कुणीही जाईल; सकाळी साडेआठला जाऊन दाखवा. अंतर कमी करायचं, एवढाच उपाय. एनजीकेचे साधे, स्वस्त, सात आकड्याचे प्लग आणले, पातळ पट्टीच्या गेजनं प्रत्येकाचं अंतर ०.७ मिलिमीटर केलं, ठरलेल्या जोरानं आवळले. उचकी गेली. चार कॉइलचं बिल मात्र राहिलं. ते कलेत जमा.

आता वही उघडायची होती. भाचा म्हणाला, "मामा, सातारा रस्त्याला जाऊ. तिसऱ्या गिअरमध्ये दोन हजारांपासून साडेसहा हजारांपर्यंत पूर्ण दाबायची. तू लॅपटॉप धर." तिसऱ्या गिअरमध्ये साडेसहा हजार म्हणजे ताशी किती, हे मी विचारलं; त्यानं सांगितलं; मी गाडीतून उतरलो. सार्वजनिक रस्ता ही प्रयोगशाळा नव्हे, आणि एका हातात लॅपटॉप व दुसऱ्या हातात रामनाम, अशा अवस्थेत गोळा केलेला पुरावा मी तरी मानणार नाही. शिवाय असल्या फाइलबद्दल विमा कंपनीला कळवलं आहे का, आणि मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ वाचलं आहे का, असे दोन प्रश्न मी कलावंताला केले होते, तेव्हा तो नुसता हसला होता. नोंदणीपत्राशी विसंगत बदल चालणार नाहीत असं सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये ठणकावून सांगितलं आहे. हसण्यासारखं त्यात काय होतं, मला कळलं नाही.

शेवटी माझ्या खर्चानं डायनोवर गेलो. डायनो म्हणजे गाडीची चाकं रोलरांवर ठेवायची, गाडी पट्ट्यांनी जमिनीला जखडायची, समोर मोठा पंखा लावायचा आणि ॲक्सिलरेटर दाबायचा. काटा एकशेचाळीसवर जातो, आवाजानं पत्रे थरथरतात, घाम फुटतो, आणि शेवटी आपण होतो तिथंच असतो. मला एकदम ऑफिसात आल्यासारखं वाटलं.

लॉग समोर आला आणि माझं भान हरपलं. ते चक्क रकाने होते! पहिल्या रकान्यात इंजिनाचे फेरे, पुढे 'मागितलेला दाब', त्यापुढे 'मिळालेला दाब'. अंदाजपत्रक आणि प्रत्यक्ष! बी. कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला याच दोन रकान्यांवर मी पेपर लिहिला होता आणि आयुष्यात त्याचा कधी उपयोग होईल असं वाटलं नव्हतं. संगणक मागत होता दोन हजार मिलिबार, मिळत होते साडेसतराशे. पुढच्या रकान्यात दाब आवरणाऱ्या झडपेची टक्केवारी: पंच्याण्णव. म्हणजे टर्बो जीव तोडून ओव्हरटाइम करतोय, तरी माल पोचत नाही. असं शाखेत दिसलं तर आम्ही काय म्हणतो? गळती. खाली वाकून बघितलं, तर एका रबरी नळीची क्लॅम्प ढिली. कोंबलेली हवा तिथून सुखानं बाहेर चालली होती. पाठीला हे महिनाभर 'उचलतंय' म्हणून पसंत होतं.

क्लॅम्प आवळली. पुन्हा लॉग. आता दोन हजार मागितले, दोन हजार मिळाले. कलावंत टाळ्या वाजवत म्हणाला, "झालं!" मी म्हणालो, "थांबा." कारण आता दुसऱ्या ब्लॉकमध्ये चार रकाने दिसत होते, प्रत्येक सिलिंडरची ठिणगी संगणकानं किती अंश मागे घेतली त्याचे. पहिला दीड. दुसरा सव्वादोन. चौथा पाऊण. आणि तिसरा सव्वाआठ.

चोरानं रोज तिसऱ्याच खिडकीशी यावं, याला काहीतरी कारण असणार. कलावंताचं म्हणणं, सेन्सरचा भास आहे. "हे बघा, हवा-पेट्रोलचं प्रमाण एकदम बरोबर दिसतंय!" दिसत होतं खरं. पण ते मोजणारा सेन्सर असतो एक, आणि तो बसवलेला असतो चारही सिलिंडरांचा धूर एकत्र येतो तिथं. म्हणजे तो सांगतो सरासरी. आमच्या शाखेत चार काउंटर आहेत. तीन नंबरवरचा गृहस्थ दुपारी झोपतो आणि बाकीचे तिघं त्याचंही काम ओढतात. महिनाअखेर सरासरी उत्तम येते, आणि मॅनेजरसाहेब चौघांनाही पेढे देतात. एका झोपलेल्या सिलिंडरला हे परवडतं; भाजणाऱ्याला परवडत नाही.

"प्लग काढा," मी म्हणालो. तेव्हाच ते कारकुनीचं वाक्य आलं.

आता इथं मला दुसऱ्या पंथाच्या लोकांशीही दोन शब्द बोलायचे आहेत. नाहीतर त्यांना वाटेल मी त्यांचा. आमच्या पेठेतले एक जुने मिस्त्री आहेत. त्यांच्या मते लॅपटॉप हे थोतांड. प्लग बघितला की इंजिनाचं सगळं कळतं. भाच्यानं गाडी आदल्याच आठवड्यात त्यांना दाखवली होती. त्यांनी एक प्लग काढला, उन्हात धरला आणि "बिस्किट! एक नंबर!" असा निकाल दिला. वडिलांची आठवण येऊन मलाही क्षणभर भरून आलं. पण प्लग फक्त शेवटचं जे जेवण झालं त्याचं सांगतो. गाडी अर्धा तास स्वारगेटच्या सिग्नलांवर रखडत आणल्यावर प्लगनं स्वारगेटचीच हकीकत सांगितली. पूर्ण दाबानं धावताना काय झालं हे विचारायचं असेल, तर त्याच क्षणी इंजिन बंद करून प्लग काढायला हवा. दुसरं असं, की शिशाचं पेट्रोल आपल्याकडून २००० साली गेलं, आणि त्याच्याबरोबर प्लगवर भरभर चढणारा तो ओळखीचा रंगही गेला. आता रंग नाही, बारीक अक्षर वाचावं लागतं, भिंग घेऊन. वहीशिवाय व्हाउचर म्हणजे खिशात सापडलेली चिठ्ठी, कुठल्या दिवसाची ते देवाला ठाऊक. व्हाउचरशिवाय वही म्हणजे "सिस्टिममध्ये असंच दिसतंय." हे वाक्य मी स्वतः काउंटरवरून इतक्यांना ऐकवलं आहे, की त्याची किंमत मला पुरती माहीत आहे.

तर पूर्ण दाबानं एक फेरी मारली आणि वरच्या वर इंजिन बंद केलं. तापलेल्या टर्बोला हे बरं नव्हे, पण पुराव्यासाठी एकदा चालवून घेतलं. तापलेल्या ॲल्युमिनियममधून प्लग काढायचे नसतात, आटे निघून येतात. म्हणून तासभर थांबलो. तो चहा हाच. नंतर चार प्लग निघाले, ते मी एका कागदावर ओळीनं मांडले आणि खाली नंबर घातले. ही कारकुनी आहे हे मला मान्य आहे. नंबर घातले नसते तर पुढचं सगळं व्यर्थ होतं. पहिला, दुसरा, चौथा स्वच्छ. तिसऱ्याच्या पांढऱ्या पोर्सेलिनवर मिरपूड शिंपडल्यासारखे काळे ठिपके. आणि भिंगातून बघितलं तेव्हा त्या ठिपक्यांत चमकणारे अगदी बारीक मणी.

"हे काय आहे?" भाच्यानं विचारलं.

"ॲल्युमिनियम."

"प्लगमध्ये ॲल्युमिनियम कुठं असतं?"

"प्लगमध्ये नसतं," मी म्हणालो. "पिस्टनमध्ये असतं."

शेडमध्ये पहिल्यांदाच शांतता झाली. कलावंतानं कप खाली ठेवला. मी मनातल्या मनात पतसंस्थेचे उरलेले हप्ते मोजले: एकतीस. पिस्टनला भोक पडलं असतं तर गाडी गेली असती, कर्ज राहिलं असतं, आणि आमच्या ताईनं मला भाऊबीजेला बोलावलं असतं की नाही याची शंका आहे.

पुढचं फारसं रंजक नाही. तिसऱ्या सिलिंडरचा इंजेक्टर अर्धवट तुंबलेला निघाला. त्या एकट्याला पेट्रोल कमी पडत होतं, बाकीच्या तिघांना किंचित जास्त मिळत होतं, आणि सरासरी झकास येत होती. चारही इंजेक्टर साफ करून घेतले. कॉम्प्रेशन तपासलं, ते सुदैवानं शाबूत होतं. पुन्हा डायनो, पुन्हा लॉग, पुन्हा चार नवे प्लग. तिसरा रकाना दीडवर आला. फाइलही बदलली. नवी फाइल दुसऱ्या एका मुलाकडून घेतली, जो फार कमी बोलतो आणि प्रत्येक फेरीनंतर आकडे लिहून ठेवतो. मागे दाब कमी केल्यावर घोडे एकशेसत्तरच्या आसपास राहिले. भाचा जरा खट्टू झाला. मी म्हटलं, वीस घोडे गेले, पण ते कधी तुझे नव्हतेच. ते उसने होते आणि त्यांना जामीन मी होतो.

ते चार प्लग मी घरी घेऊन आलो. ठेवायला योग्य जागा सापडेना, म्हणून माळ्यावरचा जुना मिसळणाचा डबा काढला आणि चार वाट्यांत नंबरवारीनं ठेवले. बायकोनं झाकण उघडलं, मोहरीच्या जागी तीन नंबर बघितला, आणि माझ्याकडे असं बघितलं की खुलासा करण्यात अर्थ नव्हता.

परवा रविवारी भाचेराव आले. हातात पेढ्यांचा पुडा. मी तेव्हाच सावध व्हायला हवं होतं.

"मामा, जरा मोठा टर्बो बसवावा म्हणतोय. यावेळी सगळे लॉग आधी, प्लग तू स्वतः बघ. फक्त पतसंस्थेत एक सही..."

मी काही न बोलता मिसळणाचा डबा आणून त्याच्यासमोर ठेवला. त्यानं तिसरी वाटी उचलली, खिडकीशी उजेडात धरली, बराच वेळ बघितली, आणि खाली ठेवून मुकाट्यानं चहा प्यायला. सही मी अजून केलेली नाही. पण माझं पेन कुठल्या खणात असतं ते मामीनं त्याला सांगून ठेवलं आहे, असा मला दाट संशय आहे.